पाळकसाहेबांची चिठ्ठी

आमच्या घराला स्वतःचं दार नव्हतं. पिंपरीत मुंबई रस्त्यापासून थोडं आत एक जुनं गोडाऊन होतं, वर सिमेंटचे पत्रे. त्याच्या पुढच्या भागात ख्रिस्ती मंडळीची उपासना भरायची आणि मागं प्लायवूड ठोकून आम्हाला एक खोली काढून दिलेली. खोलीचं दार हॉलमध्ये उघडायचं. पाणी बाहेर, संडास बाहेर, दुकान बाहेर. म्हणजे उपासना चालू असली, मंडळीच्या पंचांची सभा चालू असली, किंवा कुणी रडत माझ्या नवऱ्यापाशी बसलेलं असलं, की मी आत अडकलेली. एकदा दोन तास अडकले होते. हॉलमध्ये लग्न जमवायची बोलणी चालली होती आणि मला पोटात कळा येत होत्या.

माझा नवरा पाळक. आम्ही नगर जिल्ह्यातले. मी चौथी शिकले, तेही मिशनच्या शाळेत फुकट होतं म्हणून. पाळकाची बायको व्हायचं मी ठरवलं नव्हतं, वडिलांनी ठरवलं. नवरा वाईट नव्हता. मारायचा नाही, प्यायचा नाही, पण हट्टी होता.

त्याचा हट्ट एकच. उपदेश कुठूनही सुरू झाला तरी शेवटी क्रूसावर यायचा. बायबलातलं नोहाचं तारू असो, रूथ असो, योनाचा मासा असो, मासा वळून क्रूसापाशीच यायचा. प्लायवूडच्या मागं चुलीशी बसून मी सगळं ऐकायचे. आवाज खाली आला की ओळखायचे, आता तीन मिनिटांत वधस्तंभ येणार, चहाचं आधण ठेवावं. मला तो उपदेश तोंडपाठ होता. आपण हात रिकामे घेऊन जायचं, देव भरून देतो, आणि देतो ते आपल्या लायकीवर नाही. ऐकून ऐकून मला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. घरात रोज ऐकू येणाऱ्या कंपनीच्या भोंग्याचं तरी कुठं काही वाटतं?

लोकांनाही वाटत नव्हतं. लोक चिठ्ठीसाठी यायचे.

चिठ्ठीची भानगड अशी. आपल्या ख्रिस्ती लोकांत जुनी पद्धत आहे, कुटुंब एका गावातून दुसऱ्या गावी गेलं की गावच्या पाळकाचा दाखला घेऊन जायचं. हा माणूस आमच्या मंडळीचा सभासद आहे, वागणूक चांगली, तुमच्यात सामावून घ्या, एवढाच मजकूर. नव्या गावचा पाळक तो उपासनेत वाचून दाखवतो, कुटुंब उभं राहतं, लोक सलाम करतात. चांगली पद्धत आहे. पण पिंपरी-चिंचवडला कंपन्या निघाल्या आणि आमचे मोठे पंच एका कंपनीच्या भरती खात्यात बसले. ते म्हणाले, "पाळकसाहेब, असाच एक कागद मलाही देत जा. माणूस ओळखीचा आहे एवढं कळलं की मला आत घेता येतं." त्यात त्यांचं पाप नव्हतं. आपली माणसं पोटाला लागावीत असं त्यांना मनापासून वाटायचं आणि पुष्कळ लोक त्यांच्यामुळं लागले.

पण मग नगरहून, जालन्याहून, कुठून कुठून लोक यायला लागले. उपासनेला तीन रविवार बसायचे, चौथ्या रविवारी चिठ्ठी मागायचे, पाचव्या रविवारी दिसायचे नाहीत. सोमवारपासून माझ्या खोलीसमोरच्या बाकांवर माणसं बसलेली असायची. मी घागर घेऊन निघाले की उठून उभी राहायची आणि माझ्याकडं बघायची. मला घागर घेऊन चालताना लाज वाटायची.

"पाळकबाई, साहेबांना जरा सांगा की."

"काय सांगू?"

"आमचा नंबर."

"इथं काय राशन वाटतात का?" मी म्हणायचे. पण नवरा लिहायचा. छापील कागद, खाली जांभळ्या शाईचा शिक्का. लिहून झाल्यावर प्रत्येकाला म्हणायचा, "रविवारी या." ते मान हलवायचे.

आमच्या मागच्या चाळीत एक बौद्ध माणूस राहायचा. औरंगाबादकडचा, ढलाईच्या कारखान्यात हेल्पर, पण टेंपररी. सहा महिने व्हायच्या आत ब्रेक द्यायचे त्याला, म्हणजे कामावरून कमी करायचे. पहिली शिफ्ट सुटली की सायकल भिंतीला लावून तो नवऱ्याशी वाद घालत बसायचा. माझ्या नवऱ्याला तो आवडायचा कारण तो काही मागायचा नाही. एक दिवस त्यानंही मागितलं.

"साहेब, ते पाणी घेतात ना तुमच्यात, ते मी घेतो. मला बी चिठ्ठी द्या."

नवरा म्हणाला, "बाप्तिस्मा नोकरीसाठी नसतो, भाऊ."

"नसतो कसा? ह्या बाकावर बसलेल्यांना इचारा." तो हसला. मग हसू थांबवून म्हणाला, "रागावू नका साहेब. तुमचा देव फुकट देतो म्हणून तुम्ही दर रविवारी ओरडता. माझ्या खोलीत ऐकू येतं सगळं. मग इथं रांग कशाची हाय?"

 मी आतून ऐकत होते, मला वाटलं शास्त्रातलं काहीतरी काढून देईल. तो माणूस सायकल घेऊन गेला तरी नवरा तसाच बसलेला. त्या आठवड्यात त्यानं एकही चिठ्ठी लिहिली नाही. रविवारी उपदेश झाल्यावर सांगितलं, यापुढं गावाहून आलेला दाखला मी वाचीन, इथून दुसऱ्या गावी जाणाऱ्याला दाखला देईन, पण कंपनीच्या नावानं चिठ्ठी लिहिणार नाही. "मी तुम्हाला सांगायला आलोय की देवाच्या दारात ओळख लागत नाही. आणि ओळखीची चिठ्ठी मीच वाटत बसलोय."

महिन्याभरात निम्मे बाक रिकामे झाले. मला सुटल्यासारखं झालं. घागर घेऊन बिनघोर जाता यायला लागलं. खोटं कशाला सांगू, तत्त्व वगैरे माझ्या डोक्यात नव्हतं.

मग बहात्तरचा दुष्काळ आला आणि माझा धाकटा भाऊ आला. बायको, दीड वर्षाची मुलगी आणि एक वळकटी. गावाकडं विहिरीला पाणी नव्हतं, जनावरं विकून झाली होती. त्याला वाटलं होतं, दाजी पाळक आहेत, आठवड्यात काम लागेल. दारातूनच म्हणाला, "आक्का, चार दिवस तरास देणार बघ."

पाच महिने झाले. त्या एका खोलीत आम्ही पाच माणसं. राशनवरच्या मिलोच्या, म्हणजे अमेरिकेच्या तांबड्या ज्वारीच्या भाकरी, त्यांचा तो वास, पोरीची हगवण, आणि दार हॉलमध्ये. भावजय दिवसभर कोपऱ्यात बसून राहायची, कारण हलली की कुणाच्या तरी अंगावर पाय पडायचा. भाऊ रोज सकाळी कंपन्यांच्या गेटवर उभा राहायचा आणि भोसरीपर्यंत चालत जाऊन परत यायचा. संध्याकाळी कुणी काही विचारू नये म्हणून आल्या आल्या पोरीला उचलून बाहेर जायचा.

मी नवऱ्याला म्हटलं, "एक चिठ्ठी लिहा."

"नाही."

"सख्खा भाऊ आहे माझा."

"म्हणूनच नाही. दुसऱ्यांच्या भावांना नाही म्हटलं, ते काय सख्खे नव्हते कुणाचे?"

"तुमचा उपदेश खाऊन पोट भरतं का त्या पोरीचं?"

तो म्हणाला, "नाही भरत." आणि आपल्या ताटातली अर्धी भाकरी तिच्यापुढं ठेवली. मला त्याचा असा संताप आला की ताट उचलून आपटावं. ओरडणाऱ्या माणसाशी भांडता येतं. असल्या माणसाचं काय करायचं?

एका दुपारी तो पिंपळे सौदागरला मळ्यात राहणाऱ्या एका आजारी म्हातारीला भेटायला गेला. भावजय नळावर होती. मी त्याची पत्र्याची पेटी उघडली. छापील कागद होते, शिक्का होता, जुन्या चिठ्ठीची नक्कल होती. ती समोर ठेवली आणि लिहून काढली. 'पत्र आणणारा इसम आमच्या मंडळीचा सभासद असून त्याची वागणूक चांगली आहे. आपल्याकडे काम असल्यास विचार व्हावा.' खाली नवऱ्याची सही केली.  अक्षर मी जपून काढलं, शाळेत काढायचे तसं. शिक्का मारून कागदावर फुंकर घातली.

भावाला दिली तेव्हा सांगितलं, "दाजींनी दिलीय. पण त्यांच्यापाशी विषय काढू नकोस. त्यांना आवडायचं नाही."

"न्हाई काढत," तो म्हणाला.

बारा दिवसांत तो कामाला लागला. टेंपररी होता, पण लागला. नवऱ्याला वाटलं गेटवर उभं राहून लागला. त्यानं जेवणाआधी त्याबद्दल देवाचे आभार मानले. मी डोळे मिटून आमेन म्हटलं.

पहिला पगार झाला त्या रविवारी भाऊ पेढे घेऊन आला. उपासना नुकतीच संपली होती, मी आत चहा गाळत होते. त्यानं भर मंडळीत नवऱ्याचे पाय धरले. आमच्यात पाय धरत नाहीत, पण त्याला भरून आलं होतं. मोठ्यानं म्हणाला, "दाजी, विषय काढलेला तुम्हाला आवडायचा न्हाई, तरी आज बोलतोच. तुमच्या चिठ्ठीनं माझं लेकरू जगलं."

 प्लायवूडच्या फटीतून मला नवऱ्याची पाठ दिसत होती. मोठे पंच पेढा हातात धरून हळू आवाजात म्हणाले, "चिठ्ठी आली होती खरी. मला वाटलं साहेबांचं मन बदललं. मी काही बोललो नाही."

मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "वा साहेब. मेव्हण्याला चिठ्ठी आन आमाला क्रूस व्हय?"

कुणीतरी हसलं. नवऱ्याला तेवढ्यात सगळं कळलं असणार. कागद कुठं असतात, शिक्का कुठं असतो, घरात लिहिता कुणाला येतं. त्यानं मागं वळून खोलीकडं बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, "चिठ्ठी माझ्या घरातून गेली. दोष माझा आहे."

एवढंच. मी आत गाळणं हातात धरून उभी. बाहेर जायला दार एकच, आणि दाराबाहेर ते सगळे.

त्या आठवड्यात त्यानं मला काही विचारलं नाही. मी वाट बघत होते, विचारील आणि मग मी भांडीन. माझ्याकडं भांडायला पुष्कळ होतं. पण तो रोजच्यासारखा "अगं, पाणी दे" म्हणायचा आणि मी द्यायचे. शेवटी मीच म्हटलं, "दोष माझा म्हणायची काय गरज होती? मला विचारायचं."

"विचारलं असतं तर तू काय सांगितलं असतंस?"

"खरं सांगितलं असतं."

"मग तुझ्या भावाची नोकरी त्याच दिवशी गेली असती," तो म्हणाला. "आणि लोक तुझ्याकडं बघत राहिले असते."

मला ते मुळीच आवडलं नाही. माझ्या वाटणीचं दुसऱ्यानं अंगावर घेतलं आणि मला विचारलंही नाही. आजवर शेकडो वेळा फळीमागून मी हेच ऐकत आले होते, एकानं दुसऱ्याचं अंगावर घेतलं. आता माझ्यावर आलं तेव्हा कळलं की दुसऱ्यानं आपलं असं घेणं किती जड जातं. आभार मानावेत असं वाटलं नाही. अंगावरचं कुणीतरी काढून घेतल्यासारखं उघडं वाटलं.

पुढच्या रविवारी उपासनेनंतर पंचांची सभा बसली. पाच पंच आणि नवरा. मी, भावजय आणि पोरगी आत. भाऊ दुसऱ्या शिफ्टला गेला होता. सगळं ऐकू येत होतं. एक पंच म्हणाले, पाळकानं खोटं वागून दाखवल्यावर लोकांनी उपासनेला कशाला यायचं? दुसरे म्हणाले, एक तर चिठ्ठ्या सगळ्यांना चालू करा, नाहीतर साहेबांनी दुसरी मंडळी बघावी. नवरा म्हणाला, "जी गेली तिचा दोष माझा. पुढची मिळणार नाही."

"म्हणजे तुमचं घर भरलं की दार बंद?"

 मी भावजयीकडं बघितलं. चिठ्ठी मी लिहिलीय हे तिला माहीत नव्हतं. ती पोरीला थोपटत होती. मी दार उघडलं तर तिच्या पोरीच्या तोंडचा घास जाणार, आणि नाही उघडलं तर नवरा तिथं बसून बोलणी खाणार. असं किती वेळ उभी होते सांगता येत नाही. मग दार उघडून गेले.

"चिठ्ठी मी लिहिली. ह्यांना माहीत नव्हतं."

पंच माझ्याकडं बघत राहिले. मग मोठे पंच समजुतीनं म्हणाले, "बाई, नवऱ्याला वाचवायला आलात, चांगलंच आहे. जा, आत बसा."

"मी लिहिली म्हणते ना."

"शिक्षण किती तुमचं?"

"चौथी."

एकजण हसला. "चौथीतल्या बाईला 'विचार व्हावा' लिहिता येतंय व्हय?"

मी त्याच्या पुढ्यातली वही ओढली आणि लिहून दाखवलं. इसम, वागणूक, विचार व्हावा, सगळं. सहीसुद्धा केली. मोठ्या पंचांनी तो कागद फाडून घेतला, बराच वेळ बघितला.  त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

"हे इथंच मिटवू," ते म्हणाले. "खोटी चिठ्ठी मी आत घातली असं कंपनीला कळलं तर माझंही नाव जाईल. मेव्हणा राहू दे कामावर. बाईंचं नाव कुठं निघणार नाही. फक्त साहेब, चिठ्ठ्या चालू करा. म्हणजे ही एक वेगळी दिसणार नाही."

किती सोपं होतं. सगळे सुटत होते. खरं सांगते, माझ्या मनात एकच होतं, हा हो म्हणू दे. देवा, आजच्या दिवस ह्याला हो म्हणू दे.

नवरा म्हणाला, "नाही. माझ्याकडं सांगायला एकच गोष्ट आहे. देवाच्या दारात कुणीही रिकाम्या हातानं यावं. त्या दारावर मी चिठ्ठ्या तपासायला बसलो तर माझ्याकडं सांगायला काही उरत नाही. मग मला पाळक म्हणू नका, भरती खात्यात बसवा."

"मग मेव्हण्याचं मी काही सांगू शकत नाही," मोठे पंच उठत म्हणाले.

भावाला सहा महिने व्हायच्या आत ब्रेक मिळाला. पुन्हा बोलावलं नाही. टेंपररीला ब्रेक मिळतोच, पंचांनी मुद्दाम केलं असं मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही. पण भावाला भावजयीनं सगळं सांगितलं होतं. वळकटी बांधताना तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "आक्का, चिठ्ठी लिहिलीस तव्हा बहीण व्हतीस. सांगितलंस तव्हा पाळकबाई झालीस." ते गावी परत गेले, दुष्काळी कामावर खडी फोडायला. पोरगी जगली. पण माझ्या हातचं पाणी भाऊ पुढं कधी प्यायला नाही.

पंचांनी पाळक बदलायचा पुष्कळ प्रयत्न केला. पण त्या खोलीत राहायला दुसरा पाळक तयार होईना. दोघे येऊन दार बघून परत गेले. म्हणून आम्ही राहिलो. ऐंशी साल उलटून गेलं तरी तिथंच होतो.

भाऊ गेला त्या वर्षी प्रभुभोजनाच्या रविवारी मी बाहेर बाकावर येऊन बसायला लागले. फळीमागं बसून ऐकायचं मला नको झालं होतं. प्रभुभोजनात येशूच्या आठवणीनं भाकरीचे तुकडे वाटतात, आणि आपल्या पापांची माफी मागूनच ते घ्यायचे असतात. पण भाकरीचं ताट समोर आलं की मी नाही म्हणून मान हलवायचे आणि ताट पुढं जायचं. पाळकाची बायको घेत नाही हे सगळे बघायचे. नवराही बघायचा. असे पाच-सहा महिने गेले.

एकदा कपडे वाळत घालताना मी त्याला म्हटलं, "भावाचं पोट मी खोटं लिहून भरलं. आणि खरं सांगून मारलं. आता माफी कशाची मागू?"

तो धोतराचं टोक धरून उभा होता. त्यानं ते दोरीवर टाकलं. 

"मला नाही सांगता येत," तो म्हणाला. "दोन्हीची माग. तिथं वेगळं करून घेत नाहीत."

"आणि भावानं नाही केलं माफ तर?"

"ते त्याच्याकडं. त्याचं उत्तर माझ्याकडं नाही."

दुसरं काही म्हणाला असता तर मी ऐकलं नसतं. पुढच्या महिन्यात ताट आलं. काही फिटलेलं नव्हतं. भाऊ बोलत नव्हता, बाक भरले नव्हते, मोठे पंच पहिल्या रांगेत ताठ बसले होते, आणि तशी वेळ आली तर मी पुन्हा लिहिणार नाही असं मला आजही सांगता येत नाही. मी हात पुढं केला आणि तुकडा घेतला.